मालकाला नाही म्हणायला काय झालं होतं?

ब्रश खाली ठेव आणि आधी त्या भिंतीला, रंग लागला नाही तिथे, हात लाव. बोटाचं टोक नको, सबंध तळहात टेकव. गार लागते ना? मग ती ओली आहे, आणि तिच्यावर तू ऑइलपेंटचा पहिला हात मारून बसलायस. गिलावा होऊन किती दिवस झाले, गवंड्याला विचारलंस? तो म्हणतो १२. त्यातले सात तर पाणी मारण्यातच गेले! सिमेंटच्या गिलाव्याला निदान २८ दिवस द्यायचे, तेही उघडिपीचे. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यात भिंत जांभ्याची. चिरा पाणी पितो पटकन आणि सोडतो सावकाश. इथे २८ चे ४५ झाले तरी माझी तक्रार नाही.

‘मालकाला गणपतीआधी हवंय’ हे मला ऐकवू नकोस. मुंबईचे चाकरमानी यायच्या आत रंग, ही घाई कोकणात घरोघरची. तुझे आजोबाही चतुर्थीच्या तोंडावरच भिंती रंगवत असतील, पण चुन्यानं. चुना स्वतःच क्षार. ताज्या भिंतीतल्या क्षाराशी त्याचं वाकडं नाही, आणि त्यातून ओल बाहेर पडते. ऑइलपेंट ओल कोंडतो. ताज्या सिमेंटचा पीएच १२ च्या पुढे. ओलीच्या संगतीनं तो क्षार रंगातल्या तेलाचा चक्क साबण करतो. रंग आधी चिकट होईल, मग पोपडे धरील, आणि मालक गवंड्याला नाही, तुला बोलावून दाखवील.

त्या पांढऱ्या शोऱ्यावर ओलं फडकं कुणी फिरवलं? तूच ना? क्षार विरघळून परत गिलाव्यात गेला, भिंत सुकली की पुन्हा वर येणार. शोरा कोरड्या ब्रशनं झाडायचा, काही दिवस थांबायचं, आला तर परत झाडायचा. वाळू खाडीची होती का, हेही विचारलं नाहीस. खारी वाळू असली तर हा शोरा लवकर पिच्छा सोडत नाही.

आता खिडकीच्या कोपऱ्यांकडे ये. हे तर मला बघवत नाही. कंगोऱ्याला जीआयची पट्टी बसवलेली, ती तू जाड्या पॉलिश पेपरनं घासघासून चकचकीत केलीस. मेल्या, ही चकाकी खालच्या लोखंडाची आहे! जस्त हाच तिचा रखवालदार होता, तो तू हाकलून दिलास आणि वर पाण्यात कालवलेली पुट्टी चोपडलीस. समोर भाट्याचा समुद्र, रात्रंदिवस खारा वारा. प्रत्येक कोपऱ्यावर तपकिरी रेघ उठेल, वरून कितीही हात मार. पट्टीवरचे सिमेंटचे शिंतोडे पत्र्यानं हलके खरवडायचे, तेलकटपणा थिनरच्या फडक्यानं पुसायचा, बारीक पेपर नुसता फिरवायचा. कापलेली टोकं, खिळ्यांची डोकी, जिथे लोखंड उघडं पडलंय तिथे गंजरोधक प्रायमर. जस्तावर एचिंग प्रायमर. तो पक्का सुकल्यावरच पुट्टी. आणि डब्यातला तो रेड ऑक्साइड सरळ जस्तावर ओढायचा विचार असेल तर सोडून दे. तेलाचा रंग जस्तावरही असाच साबण होऊन सुटतो.

तुझा हात वाईट नाही. कोर सरळ काढलीस, ते मी पाहिलंय. मालकासमोर जीभ तेवढी उचलत नाही. त्याला रंगातलं कळत नाही, म्हणून तर त्यानं पैसे देऊन तुला आणलं.

घे तो पत्रा. ओला आहे तोवर सगळा रंग खरवडून काढ. पट्ट्यांवरची पुट्टीही काढ. मग हातभर प्लास्टिक चारी बाजूंनी टेपनं भिंतीला चिकटव. उद्या याच वेळेला आतून पाणी सुटलेलं दिसलं तर ब्रशला हात लावायचा नाही. गणपतीमागची भिंत यंदा कोरी राहू दे, पडदा सोडता येतो. आणि मालकाला फोन तू करायचास, मी नाही. आत्ता, माझ्यासमोर. स्पीकरवर ठेव.