झोपमोड

सर्दीवर औषध घेतलं तर ती सात दिवसांत बरी होते आणि नाही घेतलं तर आठवडाभर टिकते, हा विनोद मी आमच्या शाखेत निदान शंभर खातेदारांना ऐकवला असेल. यंदाच्या डिसेंबरात मला झालेल्या सर्दीने मात्र तो ऐकलेला नव्हता. बाराव्या दिवशीही ती जागेवर हजर होती. इतकी नियमित हजेरी आमच्या शाखेत कुणाचीच नाही.

नगरची थंडी मुळात कोरडी. (गावाचं नाव 2024 साली अहिल्यानगर झालं, पण शिंक अजून जुन्याच पत्त्यावर येते.) काउंटरवर मी शिंकलो की समोरचा खातेदार स्लिपबरोबर एक उपाय आत सरकवायचा. आल्याचा काढा, हळदीचं दूध, ओव्याची पुरचुंडी, निलगिरीची वाफ. कुणाला नाही म्हणायचा माझा स्वभाव नसल्यामुळे मी सगळेच केले. शिवाय मेडिकलमधून विचारून आणलेली नाक मोकळं करणारी गोळी आणि दिवसाला सहा कप चहा.

आणि मग रात्र व्हायची. अडीचच्या सुमाराला जाग यायची. नाक बंद, डावी कूस, कान उशीत. उशीच्या आत कुणीतरी चालत असायचं. धप्, धप्, धप्... मग काहीच नाही. आणि मग एकदम, जिन्यावरून पेटी पडावी तसं, धाड्!

माणूस वाणिज्य शाखेचा असला की घाबरतानाही हिशेब करतो. मिनिटाला 72 ठोके धरले तर दिवसाला 1,03,680. माझं वय 46. म्हणजे आजवर सुमारे 174 कोटी ठोके. इतके व्यवहार झाले, एक रविवार नाही, एक संप नाही, आणि आता एकाएकी मधली एक नोंद गळायला लागली. पांघरुणात मोबाइलची बॅटरी लावून मी नाडी मोजू लागलो. मग आठवलं, लोकांना वीस वर्षं 'नॉमिनी लावा हो' म्हणून सांगणाऱ्या या गृहस्थाने स्वतःच्या एका ठेवीला नॉमिनी लावलेला नाही. ठोके आणखी वाढले.

ही शेजारीच झोपलेली. उठवावं का? पहाटे साडेपाचला तिला डबे करायचे असतात. शिवाय उठवलं आणि काहीच निघालं नाही, तर मला अपचनाने मरण आठवलं ही बातमी दुपारपर्यंत सोसायटीत. बरं, काही निघालंच तर? मग तर नकोच उठवायला! असा विचार करत मी तीन रात्री काढल्या आणि तिन्ही रात्री स्वतःला फार थोर समजलो. आपण कुणाला त्रास देत नाही!

हे वाक्य माझ्या घरचंच आहे. माझे वडील एसटीत वाहक होते. 2008 साली एका रात्री त्यांच्या छातीत दुखलं असावं. 'असावं' म्हणतो, कारण आम्हाला कळलंच नाही. सकाळी ओट्यावर ओव्याचा डबा उघडा होता, शेजारी पाण्याचा तांब्या. आम्ही चौघं त्याच घरात, दहा फुटांवर झोपलो होतो. जमलेली माणसं म्हणाली, "पुण्यवान माणूस. जाताना कुणाला त्रास दिला नाही." मीही मान डोलावली. आपल्याकडे गेलेल्या माणसाची याहून मोठी स्तुती नसते.

पण तो उघडा डबा मी अजून बघतो आहे. त्यांनी हाक मारली असती तर मी काय केलं असतं? धावत जाऊन रिक्षा आणली असती. कदाचित उपयोग झालाही नसता. पण धावलो तर असतो! आमची एक रात्रीची झोप वाचली, आणि त्यानंतरच्या किती गेल्या, त्याचा हिशेब कुणी मांडला नाही.

आमच्या गावच्या किल्ल्यात 1942 च्या 'छोडो भारत' नंतर मौलाना आझाद कैदेत होते. पहाटेच्या अंधारात उठायचे, आपल्या हाताने चहा करायचे आणि एका मित्राला पत्रं लिहायचे. पत्रं तुरुंगाबाहेर जाणार नाहीत हे ठाऊक असूनही लिहायचे. 1943 च्या एप्रिलमध्ये त्यांच्या पत्नी कलकत्त्यात गेल्या, शेवटची भेटही झाली नाही. ती पत्रं पुढे 'गुबार-ए-खातिर' या नावाने छापली गेली. इतका मोठा माणूस, पण रात्री त्यालाही कुणाशी तरी बोलावंसं वाटतच होतं. आणि मला तर पोस्टाचीही गरज नव्हती. माणूस हातभर अंतरावर होतं.

चौथ्या रात्री मी म्हटलं, "अगं..."

"काय होतंय?" इतकं ताबडतोब उत्तर आलं की मीच दचकलो.

"तू जागी आहेस?"

"तीन रात्री पांघरुणात बॅटरी लावून बसताय. कुणाला झोप येईल?"

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, तुम्हाला आणखी काळजी नको."

म्हणजे दोघं जण एकमेकांची झोप मोडू नये म्हणून तीन रात्री जागत होतो! बँकेच्या तिजोरीला दोन चाव्या असतात. एक माझ्याकडे, एक ऑफिसरकडे. एकट्याने उघडत नाही. वीस वर्षं हा नियम पाळणारा माणूस घरी मात्र भीतीची तिजोरी एकाच चावीने उघडायला बसला होता.

तिने एकेक विचारलं. छातीत दाबतंय? घाम? दम लागतो? हात दुखतो? नाही, नाही, नाही. "यातलं काही वाटलं तर तेव्हाच सांगा, 108 ला फोन करते," म्हणाली आणि पाठीशी दोन उशा दिल्या.

सकाळी डॉक्टरांनी ईसीजी काढला. पट्टी सरळ निघाली. एखादा ठोका वेळेआधी येतो, मग हृदय क्षणभर थांबतं, तेवढ्यात जास्त रक्त भरतं, म्हणून पुढचा ठोका जोराने लागतो. डाव्या कुशीवर तो जास्त जाणवतो. गोळी, चहा, ताप आणि जागरण यांनी मिळून हे केलं होतं. गोळी बंद झाली, चहा दोनवर आला. पण सर्दीतापानंतर क्वचित हृदयाच्या स्नायूलाही सूज येते, तेव्हा दम लागला, चक्कर आली, छातीत दुखलं तर सकाळची वाट बघायची नाही, असं त्यांनी बजावलं. "तीन रात्री का थांबलात?"

"म्हटलं, तुम्हाला रात्री कशाला त्रास."

"मग मी पाटी कशाला लावली आहे?"

घरी येताना वाटलं, त्रास न देण्यात थोडा तोराही असतो. आपण कुणाचं देणं लागत नाही, हा तोरा. पण ज्याने जन्मात कधी कर्ज घेतलं नाही, त्याची पत ठरवताना आम्ही बँकवालेच अडखळतो. हाक मारणं हेही एक प्रकारचं उधार घेणंच. ऊठसूट घेऊ नये हे खरं. एका शिंकेवर नातेवाईक गोळा करणारे काका आमच्याकडेही आहेत. पण कधीच न घेणं म्हणजे समोरच्यावर भरवसा नाही असं सांगण्यासारखंच आहे.

परवा रात्री तीनला हिने मला हलवलं. "अहो, उठा."

माझं काळीज धडधडलं. "काय झालं?"

"काही नाही. गॅस बंद केलाय का, बघून या."

मी कुरकुरलो, पण उठलो. गॅस बंदच होता.