आजाऱ्याच्या उशाशी नाताळ



नाताळ जवळ आला की आपल्या घरांतून लगबग सुरू होते. गव्हाणी सजतात, दारावर चांदण्या लागतात, करंज्या आणि केकचा वास गल्लीभर पसरतो. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली मुले दौंडच्या फलाटावर उतरतात आणि घर भरून जाते. हा आनंद देवाचेच देणे आहे. त्याबद्दल आपण त्याचे आभार मानू या. पण याच दिवसांत आपल्यापासून हाकेच्या अंतरावर काही माणसे अशी असतात, की ती घरीच नसतात. ती इस्पितळातल्या खाटेवर पडून असतात.

संत लूकने प्रभूच्या जन्माची जी हकिगत सांगितली आहे, ती पुन्हा आठवू या. योसेफ आणि मरिया नाझरेथची राहणारी. नावनोंदणीसाठी ती दूर बेथलेहेमला आली होती. उतारशाळेत त्यांना जागा मिळाली नाही. देवाचा पुत्र जन्मला तो असा परगावी, परक्याच्या गोठ्यात. आणि त्या रात्री त्याला भेटायला कोण आले? नातेवाईक नव्हे, तर रानात राखण करणारे, कधी न पाहिलेले मेंढपाळ. पहिला नाताळ असा अनोळखी माणसांच्या भेटीने साजरा झाला.

हाच प्रभू पुढे शेवटच्या न्यायाविषयी बोलतो, तेव्हा भुकेला, तहानेला, परका, उघडा आणि बंदिवान यांच्याबरोबर आजाऱ्यालाही तो आपले स्वतःचे नाव देतो (मत्तय २५:३१-४६). तेथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आजाऱ्याला बरे केले का, असे तो विचारत नाही. ते सामर्थ्य सर्वांना दिलेले नाही. तो फक्त भेटीविषयी बोलतो. डॉक्टर नसलेल्या, पैसा नसलेल्या माणसालाही जे करता येईल, तेच त्याने मागितले आहे.

आगमनकाळात ३ डिसेंबरला आपण संत फ्रान्सिस झेवियरचा सण पाळतो. आपल्यापैकी पुष्कळांनी गोव्याला जाऊन त्याच्या पवित्र अवशेषांचे दर्शन घेतले आहे. पण या थोर मिशनरीने युरोप सोडल्यानंतरचा पहिला नाताळ कोठे घालवला, हे फारसे सांगितले जात नाही. ७ एप्रिल १५४१ रोजी तो लिस्बनहून जहाजाने निघाला. त्या वर्षी जहाजे वेळेत गोव्याला पोहोचू शकली नाहीत आणि त्यांना आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मोझांबिकला सुमारे सहा महिने थांबावे लागले. तेथली हवा रोगट होती. जहाजांवरची माणसे धडाधड आजारी पडली आणि कित्येक दगावली. फ्रान्सिस आणि त्याचे दोन सोबती, पॉल आणि मान्सिल्हास, त्या गरीब रुग्णांबरोबरच राहिले. सोबती त्यांचे खाणेपिणे आणि औषधपाणी पाहत. फ्रान्सिस त्यांचे पापनिवेदन ऐके, त्यांना ख्रिस्तशरीर देई आणि मरणाऱ्याच्या उशाशी बसे. शेवटी तो स्वतःच आजारी पडला. १ जानेवारी १५४२ रोजी त्याने मोझांबिकहून रोममधील आपल्या बांधवांना पत्र लिहिले. त्या काळच्या उपचाराप्रमाणे त्या दिवशी सातव्यांदा त्याचे रक्त काढले होते आणि त्यामुळे अधिक लिहिणे त्याला जमत नव्हते. नाताळच्या आठवड्यात तो रुग्णांचा सेवकही होता आणि रुग्णही!

६ मे १५४२ रोजी तो गोव्यात उतरला. तेथेही त्याने राहण्यासाठी इस्पितळच निवडले. सकाळी रुग्णांची सेवा, दुपारनंतर तुरुंगातील कैद्यांची भेट, आणि दर रविवारी शहराबाहेर कुष्ठरोग्यांच्या वस्तीत मिस्सा, असा त्याचा क्रम होता. ते कुष्ठरोगी आपले चांगले मित्र झाले, असे त्याने पत्रात आनंदाने कळवले आहे. मुलांना गोळा करून प्रार्थना शिकवणारा फ्रान्सिस आपल्याला ठाऊक आहे, पण त्याच्या मिशनकार्याचा पाया रुग्णाच्या खाटेपाशी घातला गेला, हे आपण विसरता कामा नये.

यासाठी गोव्यापर्यंतच जायला हवे असे नाही. आपल्या दौंड तालुक्यातच केडगाव आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. तेथे फुलहॅम येथे समाजाने पतित म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांची धर्मभगिनी किती मायेने सेवा करतात, हे त्यांनी पाहिले. हे प्रेम यांना कोठून मिळते, असा प्रश्न त्यांना पडला आणि त्याचे उत्तर त्यांना प्रभू येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीत सापडले. परदेशात पाहिलेली ही सेवा त्यांनी पुढे आपल्या मातीत रुजवली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपासमारीने खंगलेल्या मुली आणि बाया त्यांनी आणल्या आणि केडगावच्या माळावर त्यांना आसरा दिला. त्यातूनच मुक्ती मिशन उभे राहिले. परदेशातून आलेल्या मिशनरी स्त्रियांनीही तेथे त्यांच्या हाताला हात लावला. रमाबाई आपल्या कॅथलिक परंपरेतील नव्हत्या. पण शोमरोनी माणसाने जखमीची मलमपट्टी केली तेव्हा प्रभूने त्याचा पंथ विचारला नाही, तर त्याचेच उदाहरण दिले.

आता आपल्या भोवती पाहू या. मिशनरी म्हटले की समुद्र ओलांडून आलेला गोरा धर्मगुरू आपल्या डोळ्यांपुढे येतो. पण परदेश म्हणजे नेहमी समुद्रापलीकडचाच असतो का? ऐन नाताळात आपल्याकडे उसाचा हंगाम जोरात असतो. बीडकडून ऊसतोडणीच्या टोळ्या आलेल्या असतात. नवराबायकोने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा तापाने फणफणून रुग्णालयात दाखल झाला, तर बायकोने त्याच्याजवळ बसावे, की फडावर जावे? खाडा झाला की उचल फिटत नाही. रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांत बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेली तरुण मुले आहेत. यंत्रात हात सापडला, तर त्यांच्या आईला ते फोनवरच कळते. पुणे-नगर आणि पुणे-सोलापूर महामार्गांवर अपघात होतात, तेव्हा जखमीचे गाव शेकडो मैल दूर असते. अशा माणसाला शिरूर किंवा दौंड हाच परदेश आहे! त्याच्या खाटेजवळ जो जाऊन उभा राहील, तोच त्याच्यासाठी मिशनरी.

म्हणून या नाताळात शिरूरच्या ग्रामीण रुग्णालयात आणि दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयात जाण्याचा आपण निश्चय करू या. जाताना काही गोष्टी मनात ठेवू या. आधी डॉक्टरांची आणि परिचारिकांची परवानगी घ्यावी, भेटीची वेळ पाळावी. खाऊ नेण्यापूर्वी विचारावे, कारण मधुमेह असलेल्या किंवा शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवलेल्या रुग्णाला आपला केक अपायच करील. सर्दी-खोकला असेल तर जाऊ नये. रुग्णाचा फोटो काढू नये. त्याचे दुखणे आपल्या मोबाईलमध्ये दाखवण्यासाठी नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, तेथे आपण उपदेश करायला जात नाही. खाटेवरचा माणूस उठून जाऊ शकत नाही. त्याच्या त्या असहायतेत त्याच्यावर आपला धर्म लादणे हे प्रभूच्या प्रेमाला शोभणारे नाही. त्याने मागितली तरच त्याच्यासाठी प्रार्थना करावी, नाहीतर घरी येऊन मनात करावी. त्याच्या घरी फोन लावून द्यावा, औषधाची चिठ्ठी घेऊन दुकानात जावे, त्याच्याजवळ थांबलेल्या नातेवाइकाला तासभर जेवायला आणि अंघोळीला मोकळे करावे. ही कामे छोटी वाटतात, पण परगावी पडलेल्या माणसाला त्यांचे मोल विचारा.

आणखी एक विनंती. २५ डिसेंबरला वॉर्डात पुष्कळ मंडळे आणि संस्था फळे घेऊन येतात. २७ तारखेला कोणी नसते. फ्रान्सिस मोझांबिकमध्ये एक दिवस गेला नाही, तो सहा महिने राहिला. आपल्याला सहा महिने जमणार नाहीत. पण ज्याला आपण नाताळच्या दिवशी भेटलो, त्याला प्रकटीकरणाच्या सणापर्यंत पुन्हा एकदा भेटणे आपल्याला नक्की जमेल. दुसऱ्या भेटीत तो आपले नाव घेऊन हाक मारील.

आपल्याच धर्मग्रामात जी वृद्ध आणि आजारी माणसे नाताळच्या मिस्साला येऊ शकत नाहीत, त्यांचाही विसर पडू नये. संत याकोबने सांगितल्याप्रमाणे ख्रिस्तसभा आजाऱ्यांना तैलाभ्यंग करते आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करते. हा संस्कार केवळ अखेरच्या घटकेचा नाही. गंभीर आजारात बळ मिळावे म्हणून तो आहे. धर्मगुरूंना वेळेवर कळवणे हे कुटुंबाचे आणि शेजाऱ्यांचे कर्तव्य आहे.

आणि जे स्वतःच अंथरुणाला खिळले आहेत, त्यांना आम्ही काय सांगावे? १९२७ साली पोप अकरावे पायस यांनी मिशनकार्याचे आश्रयदाते म्हणून संत फ्रान्सिस झेवियरच्या जोडीला एक नाव घोषित केले, ते बाळ येशूच्या संत तेरेजाचे. ती मठाबाहेर कधी मिशनकार्याला गेली नाही. क्षयाने खंगून १८९७ साली, वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षी तिचे निधन झाले. आपले दुखणे तिने दूरच्या मिशनऱ्यांसाठी देवाला अर्पण केले. प्रिय आजारी बंधुभगिनींनो, ख्रिस्तसभेने हजारो कोस चाललेल्या माणसाइतकाच मान खाटेवरच्या त्या तरुणीला दिला आहे. तुमची प्रार्थना आम्हांला हवी आहे.

हे प्रभू येशू, तू परगावी जन्मलास आणि अनोळखी माणसांनी तुझे स्वागत केले. आमच्या दोन्ही तालुक्यांतील रुग्णांना, त्यांच्याजवळ जागणाऱ्यांना, डॉक्टरांना आणि परिचारिकांना तुझी शांती दे. तू ज्या खाटेवर आमची वाट पाहत आहेस, तेथवर आमची पावले ने. आमेन.