म्हातारपणाची काठी



आपल्या वस्तीत एखाद्या घरी मुलगा जन्माला आला, की म्हाताऱ्या बाया म्हणतात, "चला, म्हातारपणाची काठी आली." हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे, की त्यात विचार करण्याजोगे काही आहे असे कुणाला वाटत नाही. पण धम्मदीक्षा घेतल्यापासून प्रत्येक जुन्या समजुतीला प्रश्न विचारण्याची जबाबदारी आपल्यावर आली आहे. घरातले देव्हारे आपण काढले. मग ही समजूत तेवढी तपासायची राहू द्यावी काय? मुलगा ही काठी आहे काय? आणि माणसाने माणसाचा काठी म्हणून उपयोग करावा काय?

हा प्रश्न आजचा नाही. श्रावस्तीत खुद्द तथागतांपुढे तो आला होता. संयुत्तनिकायात एका महाशाल ब्राह्मणाची कथा आहे. एके काळी मोठा धनवान असलेला हा म्हातारा फाटके पांघरूण घेऊन तथागतांकडे आला. अशी दशा का झाली, असे विचारता त्याने सांगितले की चार मुलगे आहेत, पण मुलांनी आणि सुनांनी मिळून घराबाहेर काढले. अट्ठकथा सांगते की त्याने आपले सगळे धन मुलांत वाटून टाकले होते. तथागतांनी त्याला काही गाथा पाठ करायला दिल्या आणि मुले सभेत बसलेली असतील तेव्हा चारचौघांत त्या म्हणायला सांगितले. त्या गाथांचा आशय असा, की कृतघ्न मुलांपेक्षा हातातली लाकडाची काठी बरी. ती मारका बैल हाकते, कुत्रे हाकते, अंधारात वाट दाखवते, पाण्यात ठाव लावते आणि पाय घसरला तर सावरते. म्हाताऱ्याने भर सभेत हे म्हटले. मुले शरमली. त्यांनी बापाला घरी नेले, न्हाऊ घातले, नवे कपडे दिले.

बंधूंनो, या कथेत तथागतांनी काय केले नाही, हे आधी पाहा. हे तुझ्या पूर्वजन्मीचे पाप आहे, भोग, असे ते म्हणाले नाहीत. संसार असार आहे, मुलांना विसर, असेही म्हणाले नाहीत. त्यांनी म्हाताऱ्याला बोलायला शिकवले. आणि दुसरी गोष्ट अशी, की ज्याची स्वतःची काठी स्वतःच्या हातात आहे त्याचे पाऊल घसरत नाही, हे त्यांनी सांगितले. माझ्या मते आपल्या घरांसाठी हा दुसरा धडा जास्त महत्त्वाचा आहे.

येथे कोणी शंका काढील, की तृष्णा हे दुःखाचे मूळ आहे असे आपला धम्म सांगतो. मग म्हातारपणासाठी पैसा साठवणे ही तृष्णाच नव्हे काय? नुकतीच दीक्षा घेतलेल्या एका गृहस्थाने वर्षावासात मला हाच प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर बाबासाहेबांनी देऊन ठेवले आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या आठव्या खंडात त्यांनी दोन गोष्टी लागोपाठ मांडल्या आहेत: तथागतांना दारिद्र्य आवडत नसे, आणि तथागतांना संग्रहाची हावही आवडत नसे. मध्यम मार्ग या दोहोंच्या मधून जातो. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे. एक भाग खाण्याजेवण्यास, दोन भाग कामधंद्यात, आणि चौथा भाग अडचणीच्या दिवसांसाठी राखून ठेवण्यास. म्हातारपण ही तर अशी अडचण आहे, की तिची तारीख आपल्याला चाळीस वर्षे आधी माहीत असते! ती माहीत असून डोळे मिटून घेणे याला वैराग्य म्हणत नाहीत, गाफीलपणा म्हणतात. धम्मात अप्रमादाला किती मोठे स्थान आहे, हे आपणांस सांगायला नको.

आता थोडे घरचे सांगतो. माझे वडील जिंतूर तालुक्यातील एका गावी तीस वर्षे सालगडी होते. दर गुढीपाडव्याला साल ठरायचे. काही पोती ज्वारी आणि थोडी रक्कम. त्यातली निम्मी आधीच उचलीत गेलेली. सालगड्याला ना भविष्य निर्वाह निधी, ना निवृत्तिवेतन. उरण्याजोगे जे होते ते माझ्या वह्यांत, परभणीच्या खोलीभाड्यात आणि बी.एड.च्या प्रवेशात गेले. आमच्या घराण्यात विद्यापीठाची पदवी घेणारा मी पहिला. वडिलांची सगळी बचत म्हणजे मी.

मला नोकरी लागली. वडील आमच्याकडे राहायला आले. त्यांच्या जेवणात, औषधात मी कधी कसर केली नाही. पण दोनएक वर्षांनी एक गोष्ट ध्यानात आली. ते मला कधीच पैसे मागत नसत. चपलेचा अंगठा तुटला, चष्म्याची काडी मोडली, गावाकडे कुणाच्या मयतीला जायचे असले, की माझ्या सहा वर्षांच्या मुलीला पुढे करीत. "बापाला म्हण, आजोबाला वीस रुपये दे." ज्या माणसाने मालकापुढे हात पसरण्यात आयुष्य घालवले, त्याला पोटच्या मुलापुढेही हात पसरावा लागत होता. मुलगा कितीही चांगला असो, मागणे हे मागणेच असते. हे मला पुस्तकातून कळले नाही. माझ्या मुलीच्या निरोपातून कळले.

मग मी त्यांच्या नावाने खाते उघडले. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ठरलेली रक्कम त्यात टाकू लागलो. पहिल्या महिन्यात ते स्वतः बँकेत गेले, अंगठा लावून पैसे काढले, येताना नातीला शेवचिवडा आणला, विहाराच्या दानपेटीत पन्नास रुपये टाकले आणि संध्याकाळी मला विचारले, "तुला काही लागतं का रे?" त्या दिवशी मला अनाथपिंडिकाला सांगितलेली गृहस्थाची चार सुखे समजली. धन असण्याचे सुख, ते उपभोगण्याचे व सत्कार्यी लावण्याचे सुख, कर्ज नसण्याचे सुख आणि निर्दोष वागण्याचे सुख. म्हाताऱ्या माणसाला पैसा खाण्यासाठी लागतो, त्याहून अधिक देण्यासाठी लागतो. ज्याच्या हातून काही देणे होत नाही, तो घरात असूनही पाहुणा होतो.

म्हणून तरुण आईबापांनो, तुम्हाला माझे सांगणे असे, की आपली काठी आजच तासायला घ्या. अंगुत्तरनिकायात दीघजाणु या कोलिय गृहस्थाला तथागतांनी तळ्याचा दृष्टांत दिला आहे. तळ्याला पाणी येण्याच्या चार वाटा आणि जाण्याच्या चार वाटा. येण्याच्या बंद आणि जाण्याच्या उघड्या असल्या, त्यातून पाऊसही नसला, तर तळे आटणारच. मराठवाड्याच्या माणसाला हा दृष्टांत समजावून सांगावा लागत नाही. तथागतांनी सांगितलेल्या गळतीच्या वाटा म्हणजे बाहेरख्यालीपणा, दारू, जुगार आणि वाईट संगत. आजच्या भाषेत त्यांत मोबाइलवरचा पत्त्यांचा खेळ धरा, कर्ज काढून केलेले लग्न धरा, आणि दीक्षेनंतरही पाहुण्यांच्या भिडेने होणारी कंदुरी धरा. गंगाखेड, सोनपेठ, पालमकडचे आपले बांधव मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. उचल म्हणजे अजून न केलेल्या कष्टाचे आधीच खाल्लेले पैसे. ती लग्नात किंवा दारूत गेली, तर पुढच्या हंगामाची पाठ आजच विकली गेली असे समजा. कोयता पन्नाशीनंतर चालत नाही. मग काय?

पाणी येण्याच्या वाटाही आहेत. त्या माहीत करून घ्या. २०१५ साली सुरू झालेल्या अटल पेन्शन योजनेत १८ ते ४० वर्षे वयाच्या, आयकर न भरणाऱ्या माणसाला बँकेतून किंवा पोस्टातून नाव घालता येते. साठीनंतर, निवडीप्रमाणे, महिना १००० ते ५००० रुपये मिळतात. ५००० रुपयांसाठी अठराव्या वर्षी सुरुवात केली तर महिना २१० रुपये भरावे लागतात, तिसाव्या वर्षी ५७७ आणि चाळिसाव्या वर्षी १४५४. हा फरक काय सांगतो? उशीर हेच सर्वांत मोठे व्याज आहे. आणखी एक ध्यानात ठेवा. आजचे ५००० रुपये तीस वर्षांनी ५००० रुपयांचे काम करणार नाहीत. रुपयाचे मोल स्थिर राहणे किती गरजेचे, हे बाबासाहेबांनी १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात दाखवून दिले होते. तेव्हा एकाच डब्यावर विसंबू नका. आणि नोकरदारांनो, तुम्हीही निर्धास्त राहू नका. राज्य सेवेत १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमणूक झालेल्यांसाठी जुनी पेन्शन थांबली आणि अंशदायी योजना आली. पूर्णा जंक्शनावर रेल्वेत राबलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना जी पेन्शन मिळाली, तिच्या भरवशावर आपला हिशेब मांडू नका.

ज्यांचे वय आता निघून गेले आहे, त्यांच्यासाठी तहसील कार्यालयात श्रावणबाळ योजनेचा अर्ज करा. पासष्ट वर्षांवरील निराधार वृद्धांना मिळणारी ही रक्कम २०२३ साली १००० वरून १५०० रुपये झाली. ती घेताना कुणी लाजू नये. संविधानाच्या एक्केचाळिसाव्या अनुच्छेदात वार्धक्यात साहाय्य देण्याचे तत्त्व राज्याला घालून दिले आहे. ती भीक नव्हे. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांची शेते पिकवली, त्यांचे ते येणे आहे.

आणि महाशाल ब्राह्मणाची चूक करू नका. जिवंतपणी सगळे मुलांच्या नावावर करून मोकळे होऊ नका. सातबारा असो, की ग्रामपंचायतीच्या नमुना आठवरचे दोन खणांचे घर असो, त्यावर आईचेही नाव असू द्या; कारण मागे बहुधा तीच राहते. बक्षीसपत्र करायचेच झाले, तर आमचा सांभाळ करावा ही अट त्यात शब्दांत लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे अशी अट मोडली, तर ते हस्तांतरण रद्द करण्याची दाद उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे मागता येते. कागद करणे म्हणजे मुलावर अविश्वास दाखवणे नव्हे. आपल्या आजोबांनी विश्वासाने अंगठे दिले आणि जमिनी गमावल्या. त्यांची नातवंडे आज वाचू शकतात, एवढाच त्याचा अर्थ.

पण नुसत्या पैशाने काठी पुरी होत नाही. हात थरथरतात, डोळे मंद होतात, जोडीदार जातो, पहाटे झोप उघडते आणि घर निजलेले असते. त्या वेळी मनाला आधार कशाचा? म्हाताऱ्या नकुलपित्याला तथागतांनी सांगितले होते, की शरीर आजारी असले तरी मन आजारी पडू नये, असा अभ्यास कर. ते स्वतः ऐंशी वर्षांचे झाले. पाठ दुखू लागली की आनंदाला वा सारिपुत्ताला उपदेश करायला सांगून ते आडवे होत. आपले शरीर दोऱ्यांनी बांधून चालवलेल्या जुन्या गाड्यासारखे झाले आहे, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. म्हातारपण त्यांनी लपवले नाही आणि त्याचे रडगाणेही केले नाही. मनाची ही बचत मात्र तरुणपणीच सुरू करावी लागते. रोज थोडा वेळ शांत बसणे, उपोसथाला विहारात जाणे, दोन जिवाभावाचे कल्याणमित्र जोडणे, आणि कामावाचून आपण कोण आहोत हे स्वतःला विचारणे, या ठेवी बँकेत ठेवता येत नाहीत. नोकरी सुटली की माणूस सुटला, असे ज्याचे झाले, त्याला पेन्शन असूनही दारिद्र्य येते.

विहारांनी येथे पुष्कळ करण्यासारखे आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपण ग्रंथवाचन करतो. वाचणारा तरुण असतो, म्हातारी माणसे भिंतीला टेकून ऐकतात. वाचन संपल्यावर अर्धा तास त्यांना बोलू द्या. बहात्तरच्या दुष्काळात खडी कशी फोडली, नामांतराच्या लढ्यात वस्ती कशी जागी राहिली, पहिल्यांदा देव नदीत सोडले तेव्हा घरात काय झाले, हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांना श्रोता मिळाला, तर त्यांचे निम्मे दुखणे हलके होईल. आणि आपल्या मुलांना इतिहास मिळेल.

आता कोणी म्हणेल, की प्रत्येकाने आपली काठी आपणच धरायची, तर मुले मोकळी झाली काय? मुळीच नाही. सिगालोवाद सुत्तात आईबापांचे भरणपोषण हे मुलाचे पहिले कर्तव्य सांगितले आहे. एका खांद्यावर आई आणि एका खांद्यावर बाप घेऊन शंभर वर्षे वागवले तरी त्यांचे ऋण फिटत नाही, असेही तथागत सांगतात. पूर्वी मुलगा हवा असे, तो मेल्यावर पिंड ठेवण्यासाठी. बावीस प्रतिज्ञांत आपण पिंडदान सोडले. त्याचा अर्थ असा, की जे द्यायचे ते जिवंतपणीच दिले पाहिजे. नंतरची सोय आपल्या धम्मात नाही. आईबापांनी मुलावर ओझे होऊ नये म्हणून तयारी करावी, आणि मुलाने ते ओझे मानू नये म्हणून मन घडवावे. मग सेवा हा वसुलीचा व्यवहार राहत नाही, ती मैत्री होते. मुलीनेही ती करावी, सुनेवर एकटीवर ती टाकू नये, हे वेगळे सांगायला नको.

तेव्हा या पौर्णिमेला दोन कामे करा. आपल्या नावाचे म्हातारपणाचे खाते उघडा, मग त्यात पन्नास रुपये का असेनात. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात, त्याने मागण्याच्या आधी, काही रक्कम ठेवा आणि तिचा हिशेब विचारू नका. तो ती कुठे खर्च करतो ते दुरून पाहा. बहुधा तुमच्या मुलांसाठीच खाऊ येईल.

नमो बुद्धाय! जय भीम!