वकील मेला आणि थिएटर हसले

'ज्युरासिक पार्क' हा चित्रपट १९९४ साली हिंदीत आपल्याकडे आला. त्या वेळी ज्यांनी तो टॉकीजमध्ये पाहिला त्यांना एक प्रसंग नक्की आठवत असेल. रात्र, धो धो पाऊस, वीज गेलेली. दोन लहान मुले बंद पडलेल्या गाडीत अडकली आहेत. त्यांच्याबरोबरचा वकील घाबरतो, मुलांना तसेच टाकून पळतो आणि जवळच्या शौचालयात जाऊन लपतो. मग तो अजस्र डायनोसॉर येतो, शौचालयाच्या भिंती कोसळतात, वकील बसल्या जागी उघडा पडतो आणि बघता बघता जनावराच्या जबड्यात जातो. जगभर या ठिकाणी प्रेक्षक हसले. आजही घरात टीव्हीवर हा चित्रपट लागला की मुले येथे हसतात, आणि खरे सांगायचे तर मोठी माणसेही हसतात.

एक माणूस मेला आणि आपण हसलो. यात काही वावगे आहे का?

कोणी म्हणेल, सिनेमाच तो. खरे कोणी मेले नाही. हे उत्तर बरोबर आहे, पण ते पुरेसे नाही. कारण हसण्याआधी पाऊण मिनिट आपण त्याच सिनेमाला घाबरून खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो होतो. तेव्हा आपल्याला 'सिनेमाच तो' हे आठवत नव्हते.

त्या घाबरण्याबद्दल आधी थोडे बोलू, कारण मला ते निर्मळ वाटते. दोन तासांहून मोठ्या या चित्रपटात डायनोसॉर पडद्यावर दिसतात ते जेमतेम पंधरा मिनिटे. बाकीचा वेळ आपण वाट पाहतो. गाडीतल्या पेल्यातले पाणी थरथरते, त्यावर वर्तुळे उमटतात, एवढ्यानेच छातीत धडधड सुरू होते. दिग्दर्शक स्टीवन स्पीलबर्ग हे गुपित १९७५ च्या 'जॉज'मध्ये शिकले होते. तेथला यांत्रिक शार्क मासा समुद्राच्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून तो कमीत कमी दाखवावा लागला, आणि न दिसणाऱ्या माशाने लोकांची जास्त गाळण उडाली.

आपल्याकडे नाट्यशास्त्रात भयानक हा एक रस मानला आहे. हजार वर्षांपूर्वी काश्मीरच्या अभिनवगुप्तांनी तो समजावताना शाकुंतलातल्या हरणाचे उदाहरण घेतले. दुष्यंताच्या बाणापुढे जीव घेऊन धावणारे ते हरीण पाहताना प्रेक्षकाला जी भीती वाटते ती 'माझी' नसते आणि 'दुसऱ्याची'ही नसते. आपपर भाव गळून पडतो. टॉकीजच्या अंधारात हे आपण अनुभवतो. आपल्या सोलापुरात शेजारच्या खुर्चीवर मराठी बोलणारा, त्यापलीकडे तेलुगू, त्यापलीकडे कन्नड. पेल्यातले पाणी हलले की सगळ्यांचा श्वास एकदमच अडकतो. त्या क्षणी आपण हरणाच्या बाजूला असतो.

हसताना मात्र आपण कोणाच्या बाजूला असतो? जनावराच्या.

मानसशास्त्र थोडेफार वाचलेला म्हणेल, ताण असह्य झाला की माणूस हसतो, तो निचरा असतो. मान्य. पण निचराच व्हायचा होता तर मुलांच्या गाडीचे छत त्या जनावराने दाबले तेव्हा का नाही झाला? ताण तेथेही तेवढाच होता. तेथे थिएटर किंचाळते, हसत नाही. म्हणजे हसण्याआधी आपल्या मनात एक न्यायालय भरले, खटला चालला आणि निकालही लागला: हा भित्रा आहे, याने मुलांना टाकले, याला हेच पाहिजे होते.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'कन्फेशन्स'मध्ये अलिपियस या मित्राची गोष्ट सांगितली आहे. रोममध्ये मित्रांनी त्याला ओढून आखाड्यात नेले, जेथे माणसे माणसांना ठार मारत. तो म्हणाला, शरीराने नेलेत तरी मी डोळे मिटून बसेन. बसलाही. पण एका क्षणी सगळा जमाव गर्जला आणि कुतूहलाने त्याने डोळे उघडले. त्यानंतर तो आपणहून आरडाओरडा करू लागला. आखाड्यातले मरण खरे होते, पडद्यावरचे खोटे, हा फरक मोठा आहे आणि तो पुसू नये. पण अलिपियसला डोळे उघडायला लावले ते रक्ताने नव्हे, शेजाऱ्यांच्या आवाजाने. (हाच अलिपियस पुढे बिशप झाला.)

आता त्या खटल्याचा निकाल तपासून पाहू. मायकल क्रायटन यांची मूळ कादंबरी १९९० ची. तिच्यात हा वकील मरत नाही. बऱ्यापैकी धीराने वागतो. मुलांना टाकून पळणारा माणूस तेथे वेगळाच आहे. उलट लोभापायी हे उद्यान उभारणारा मालक हॅमंड कादंबरीत डायनोसॉरांच्या तावडीत सापडून मरतो. चित्रपटात तो प्रेमळ आजोबा होतो, पांढऱ्या दाढीचा, आणि सुखरूप परत जातो. भ्याडपणा वकिलावर लादला, मग त्याला जनावरापुढे टाकले, आणि ज्याच्यामुळे सगळे घडले त्याच्याबद्दल आपल्याला कळवळा वाटला. दिग्दर्शकाने केले हे खरे, पण टाळी आपली होती.

पुढे २०१५ च्या 'ज्युरासिक वर्ल्ड'मध्ये हा हिशेब थोडा चुकला. त्यात उद्यानाचा मालक इरफान खान होते. मॅनेजर बाईंची मदतनीस तरुणी, जिचा दोष म्हणजे मुलांकडे नीट लक्ष नव्हते आणि ती फोनवर लग्नाबद्दल बोलत होती, तिला उडणारे प्राणी हवेत झेलत राहतात आणि शेवटी पाण्यातले जनावर गिळते. अनेक प्रेक्षकांना ते खटकले. एवढी शिक्षा? असे लोक विचारू लागले. मला हे चांगले लक्षण वाटते. पण त्या प्रश्नातही एक गृहीत आहेच, की थोडी कमी शिक्षा चालली असती.

पहिल्या चित्रपटात सर्वांत आधी कोण मरते, हे मी बऱ्याच जणांना विचारून पाहिले. बहुतेक जण वकिलाचेच नाव घेतात. वास्तविक पहिल्या काही मिनिटांतच एक कामगार मरतो. जनावराचा पिंजरा उघडण्याच्या कामावर असताना तो आत ओढला जातो. त्याच्या घरच्यांनी दावा लावला म्हणून तर वकील त्या बेटावर येतो! त्या कामगारासाठी कोणी हसले नाही, रडलेही नाही. तो गोष्ट सुरू करण्यापुरता होता.

आपले शहर गिरण्यांचे आणि यंत्रमागांचे. कामावर कोणाचा हात यंत्रात गेला, कोणी वरून पडले, तर पेपरात तीन ओळी येतात. त्या वाचून आपल्या तोंडून पहिले वाक्य काय निघते? 'लक्ष नसेल.' 'प्यायला असेल.' येथेही न्यायालय लगेच भरते, आणि मालक आजोबांसारखा सुखरूप बाहेर पडतो.

या मालिकेतला सातवा चित्रपट २०२५ साली येऊन गेला. सुटीत घरातली मुले जुना पहिला भाग पाहायला बसली तर आपणही शेजारी बसावे. पेल्यातले पाणी थरथरेल तेव्हा खुशाल त्यांच्याबरोबर घाबरावे. आणि चित्रपट संपल्यावर त्यांना विचारावे: यात सर्वांत आधी मेलेला माणूस काय काम करत होता?