वेदनेचा आस्वाद आणि आस्वादकाची नीती

कलाकृतीत कलावंताचे प्रत्यक्ष दुःख ऐकू येते म्हणून ती श्रेष्ठ, असे म्हणणे नैतिकदृष्ट्या कितपत निर्दोष आहे? बिली हॉलिडे या कृष्णवर्णीय जॅझ-गायिकेच्या 'लेडी इन सॅटिन' या ध्वनिमुद्रिकेपुढे हा प्रश्न टाळता येत नाही. फेब्रुवारी १९५८ मध्ये न्यूयॉर्कला ती मुद्रित झाली तेव्हा गायिका अवघी ४२ वर्षांची होती. परंतु व्यसनांनी आवाज झिजला होता, पल्ला आखडला होता. जुलै १९५९ मध्ये तिचे निधन झाले. रे एलिसने बांधलेल्या तंतुवाद्यांच्या मुलायम वाद्यमेळातून तो खरखरीत आवाज उघडा पडतो. काहींना त्यात केवळ ऱ्हास दिसतो, तर काहींना निखळ सत्य.

हे दोन्ही पक्ष परस्परविरोधी भासले, तरी त्यांचे गृहीतक एकच आहे: आवाज हे देहाच्या अवस्थेचे लक्षण होय. एक पक्ष तिला रुग्ण ठरवतो, दुसरा हुतात्मा. तिचे कर्तेपण दोघांच्याही हिशेबात नाही. क्रौंचवधाच्या प्रसंगातील शोक हा मुनीचा वैयक्तिक शोक मानू नये, असे अभिनवगुप्ताने बजावले होते. कारण दुःखाने ग्रासलेल्याकडून श्लोक संभवत नाही. शोकाचा करुणरस होताना मध्ये काहीतरी घडावे लागते.

ते येथे दाखवता येते. तालाच्या किंचित मागे रेंगाळून शब्द ठेवण्याची तिची रीत १९३० च्या दशकात टेडी विल्सनसमवेत केलेल्या मुद्रणांतही आढळते. तेव्हा आवाज तरुण होता. म्हणजे ही रीत आजाराची देणगी नव्हे. १९५८ मध्ये स्वर दीर्घकाळ पेलत नाही, तेथे ती त्याच रीतीचा आधार घेते आणि शब्दानंतरच्या निःशब्दतेला अर्थ देते. झीज तिने निवडलेली नव्हती. झिजेचे काय करायचे, हे मात्र तिने ठरवले.

मग आस्वादकाचे उत्तरदायित्व कोणते? १९४७ मधील शिक्षेनंतर न्यूयॉर्कच्या नाइटक्लबांत गाण्याचा परवाना तिला नाकारण्यात आला होता. दुःखालाच कलेचे मूल्य मानणारा रसिक अशा अन्यायाला नकळत निर्मितीची आवश्यक सामग्री ठरवतो. ही ध्वनिमुद्रिका कधीच निर्माण झाली नसती तरी चालले असते, पण ते दुःख घडायला नको होते, असे ज्याला म्हणता येते, त्याच्याच आस्वादाला नैतिक अधिष्ठान आहे.