विसावा कशासाठी?

मनुष्याने विसावा कशासाठी घ्यावा? प्रश्न साधा आहे. परंतु त्याचे जे उत्तर आज सर्वत्र दिले जाते, त्याने माझे समाधान होत नाही. विसावा घेतलेला कर्मचारी अधिक चांगले काम करतो, म्हणून त्याला विसावा द्यावा, असे ते उत्तर आहे. ते खोटे नव्हे. थकल्या डोळ्यांनी मुद्रिते तपासणारा मनुष्य चुका करतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. अतिश्रमाने केवळ कामच बिघडते असेही नाही. आठवड्यास ५५ तास वा त्याहून अधिक काम केल्यामुळे २०१६ या एका वर्षात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे पक्षाघात व हृदयविकार यांना बळी पडली, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केला.

तरीही त्या उत्तरात एक धोका दडलेला आहे. सोमवारचे काम चांगले व्हावे एवढ्यासाठीच जर रविवार असेल, तर रविवार हाही कामाचाच एक भाग ठरतो. मग उद्या कोणी सिद्ध केले की, अमुक एक मनुष्य विसाव्यावाचूनही तितकेच काम देतो, तर त्याचा विसाव्याचा हक्क संपला असे म्हणावे काय?

निर्गमाच्या पाचव्या अध्यायात हाच प्रश्न विटांच्या भट्टीवर उभा राहतो. इस्राएल लोक उपासनेसाठी तीन दिवसांची मोकळीक मागतात. फारो त्यांना आळशी ठरवतो. पेंढा मिळणार नाही, तो त्यांनीच गोळा करावा. विटांची संख्या मात्र पूर्वीइतकीच भरली पाहिजे, अशी आज्ञा सुटते. या अध्यायात दोन प्रकारचे अधिकारी आहेत. वर मिसरी मुकादम, आणि त्यांच्या हाताखाली इस्राएलांतूनच नेमलेले नायक. या नायकांसाठी इब्रीत 'शोटेर' हा शब्द आहे. अक्कादी भाषेतील त्याच्या सजातीय धातूचा अर्थ 'लिहिणे' असा होतो. म्हणजे हा बहुधा हिशेब लिहिणारा मनुष्य. तो क्रूर नाही. विटा कमी भरल्या तर मार त्यालाही बसतो. परंतु फारोचा आकडा त्याच्या भावाच्या झोपडीपर्यंत पोहोचतो तो त्याच्याच हातून.

हा शब्द तपासताना मला लाज वाटली. महाराष्ट्राबाहेर एका लहान आदिवासी भाषेत शास्त्राचे भाषांतर करणाऱ्या गटाची जबाबदारी माझ्याकडे आहे. कोणी किती वचने पूर्ण केली हे संगणकावर रोज दिसते, आणि महिनाअखेर तो आकडा वर पाठवावा लागतो. एका शनिवारी रात्री उशिरा मी एका तरुण सहकारी भगिनीला भ्रमणध्वनीवर निरोप धाडला, की तेवढी वीस वचने सोमवारपूर्वी हवीत. रविवारी पहाटे ती आली. मी तिच्या तत्परतेचे कौतुक केले. पुढे कळले, की त्या रात्री तिचे वडील रुग्णालयात होते आणि त्यांच्या खाटेशी बसून तिने ते काम केले होते. मी तिच्यावर ओरडलो नव्हतो. धमकी तर मुळीच दिली नव्हती. तिला 'नाही' म्हणता येईल अशी जागा मात्र मी ठेवली नव्हती.

शब्बाथाची आज्ञा नेमकी याच जागेसाठी आहे, असे मला आता वाटते. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात ती घरच्या धन्याला उद्देशून आहे. त्याचे दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आतला परका, या सर्वांना थांबता यावे, आणि त्याने आपण मिसरात दास होतो हे विसरू नये, असे तिथे सांगितले आहे. सोमवारी अधिक पीक येईल असे कारण तिथे दिलेले नाही. कष्ट, दास्य आणि उपासना या तिन्हींसाठी इब्रीत एकच शब्द येतो: 'अवोदा'. भाषांतर करणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी निवड करावी लागते. ज्या कामातून थांबता येते ते सेवा होऊ शकते. ज्यातून थांबताच येत नाही ते दास्य.

आपण रविवार चर्चकडून आला असे समजतो. मुंबईच्या गिरणी कामगाराला तो महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्याने १८९० साली मिळाला. गिरणीचा भोंगा निष्ठुर असे. परंतु तो सुटीचाही वाजे. आज बंगळूर, हैदराबाद वा पुणे येथे नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांच्या खिशातील यंत्राला सुटीचा भोंगा नाही. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कमुक्त राहण्याचा हक्क कायद्यात आला. आपल्या लोकसभेत सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली तशा आशयाचे खासगी विधेयक मांडले. ते कायद्यात उतरले नाही.

कोणी म्हणेल, परिचारिकेने काय करावे? वीजकेंद्र बंद ठेवावे काय? प्रभू येशूने शब्बाथ दिवशी विहिरीत पडलेल्या बैलाचे उदाहरण देऊन त्याचे उत्तर दिले आहे. जीव वाचवणे थांबवता येत नाही. परंतु आपण पाठवलेला प्रत्येक निरोप म्हणजे विहिरीत पडलेला बैल नव्हे.

आता रात्री सुचलेला निरोप मी कागदावर लिहून ठेवतो आणि सोमवारी सांगतो. आकडा थोडा घसरला. वरून विचारणा झाली, तेव्हा खरे कारण लिहून कळवले; उत्तर फारसे गोड आले नाही. ते सोसणे हा नायकाच्या वाट्याचा भाग आहे.

वाचकहो, आपल्याला पुरेसा विसावा मिळतो काय, हे आपण नेहमीच विचारतो. घरची मोलकरीण, हाताखालचा कारकून, उपासनेहून परतल्यावर आपण मागवलेले जेवण मिनिटे मोजत दाराशी आणणारा मुलगा, या सर्वांचा थोडाथोडा वेळ आपल्या हाती आहे. त्याचा हिशेब आपण कोणत्या वहीत लिहितो?