पेटी, बॅच आणि तात्या

पिंपळगाव बसवंतला बापूंचं कृषी सेवा केंद्र आहे. दुकान बापूंच्या नावावर, पण माल सगळा काऊंटरवरच्या तात्यांच्या डोक्यात. शेतकऱ्याने दारातूनच "भुरीवरचं द्या, मागच्या वेळचं, हिरव्या झाकणाचं" असं म्हटलं की तात्यांचा हात न चाचपडता त्या फळीवर जायचा. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाला डाऊनी या बुरशीजन्य रोगाचं भय असतं, पाऊस झाला तर फवारणीला एक दिवस थांबून चालत नाही. नेमक्या त्याच दिवसांत तात्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. माल असूनही सापडला नाही म्हणून गिऱ्हाईकं परत गेली. संपला समजून मागवलेलं बुरशीनाशक आलं, तेव्हा त्याच्या दोन पेट्या माळ्यावर निघाल्या.

सूनबाई म्हणाली, "बापू, साठ्याचा प्रोग्रॅम घेऊ या."

"घे. पण स्वस्तातला."

स्वस्त म्हणजे काय, हे बापूंनी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. तिने काऊंटरवर एक पेटी ठेवली. येईल त्या विक्रेत्याला सांगायचं, "ही पेटी आत घ्या. निम्म्या बाटल्या एका बॅचच्या, निम्म्या दुसऱ्या, मुदती वेगळ्या. एक बाटली सुटी विका, उधारीवर. मग तीच परत घ्या. शेवटी किती उरल्या ते दाखवा. आणि हे सगळं तात्या करतील, तुम्ही फक्त तोंडाने सांगायचं."

तात्यांना ते आवडलं नाही. "मशीन आलं की माझं काय काम?" असं ते बापूंकडे पुटपुटले. सूनबाईने ते ऐकलं. "तात्या, तुम्ही पास कराल तेच मशीन या दुकानात येईल," ती म्हणाली.

पहिला विक्रेता मोठ्या कंपनीचा होता. त्याच्या प्रोग्रॅममध्ये कारखान्यापासून गोदामापर्यंत सगळं होतं. तात्या एका चौकटीतून दुसरीत जात राहिले आणि बाटली विकण्याआधीच अडकले. विक्रेत्याने माऊसकडे हात नेला. "रोज येणार आहात का तुम्ही?" सूनबाईने विचारलं.

मग मोबाइलवरचं फुकटातलं अ‍ॅप. तात्यांनी बाटली झटक्यात विकली, बापू खूष झाले. पण दोन्ही बॅच एकत्र झाल्या आणि मुदतीची तारीख लिहायला जागाच नव्हती. भांड्यांच्या दुकानाला ते अ‍ॅप पुरलं असतं, त्यात त्याचा दोष नाही. औषधाच्या दुकानात मात्र आधी मुदत संपणारी बाटली आधी निघावी लागते. मुदत संपलेली वेगळी काढून 'विक्रीसाठी नाही' असं लिहून ठेवावी लागते, आणि गुणनियंत्रण निरीक्षक आले की साठा नोंदवहीशी फळी जुळवून दाखवावी लागते.

पुतण्या पुण्याहून आला. त्याने ईआरपीनेक्स्ट दाखवलं. मुंबईच्या रुषभ मेहतांना घरच्या फर्निचरच्या धंद्यासाठी मनासारखा प्रोग्रॅम मिळेना, म्हणून त्यांनी तो स्वतःच लिहायला घेतला. टॅलीची गोष्टही तशीच. बंगळुरूच्या श्यामसुंदर गोएंकांना धंद्याचे हिशेब ठेवायचे होते, १९८६ मध्ये मुलगा भरत यांच्यासह त्यांनी त्यासाठी प्रोग्रॅम बनवायला सुरुवात केली. चांगली अवजारं अशी कुणाच्या तरी अडचणीतून घडतात, याचं मला अप्रूप वाटतं. ईआरपीनेक्स्ट खुलं आहे, त्याला परवान्याचे पैसे नाहीत, आणि बॅच-मुदत दोन्ही तिथे नीट बसल्या. बापूंनी मान डोलावली. सूनबाई म्हणाली, "सर्व्हर कोण सांभाळणार? तू पुण्याला, दुकान इथं." पुतण्याने प्रामाणिकपणे सांगितलं की महिन्याला कुणाला तरी पैसे द्यावे लागतील. ते पैसे तिने वहीत लिहिले, बाकीच्यांच्या किमतीशेजारीच.

शेवटी नाशिकचा एक जण आला. त्याचा प्रोग्रॅम साधा, वर्षाला ठरावीक पैसे. पहिल्यांदा तात्या चुकले, दुसऱ्यांदा पेटी आत, बाटली बाहेर, बाटली परत, आणि आकडा बरोबर. मग तात्यांनीच विचारलं, "यात 'हिरवं झाकण' लिहिता येतं का?" मालाला दुसरं नाव देता येत होतं, तेही मराठीत. तात्या खुर्ची ओढून बसले.

सूनबाईचे प्रश्न अजून बाकी होते. दुसऱ्या वर्षी किती घेणार, ते कोटेशनवर लिहून द्या. नेट गेलं तर बिल निघतं का? उद्या आम्हाला तुम्ही नको झालात तर आमची सगळी यादी एक्सेलमध्ये बाहेर काढता येते का? या शेवटच्या प्रश्नावर किती विक्रेते गप्प होतात ते प्रत्येक दुकानदाराने पाहावं. नाशिकच्या माणसाने यादी तिथल्या तिथे काढून दाखवली. त्याचाच प्रोग्रॅम ठरला.

द्राक्षांची तोडणी चालू असते तेव्हा औषधांची विक्री मंदावते. तेव्हा त्यांनी दुकान बंद ठेवून माल मोजला. या कामाला कुठलाच प्रोग्रॅम पर्याय देत नाही. तात्या नाव सांगत, सूनबाई बॅच वाचत, बापू मुदत. मागच्या फळीवर मुदत संपलेल्या इतक्या बाटल्या निघाल्या की त्यांची खरेदी किंमत मांडल्यावर बापू खाली बसले. सगळ्यात महागड्या प्रोग्रॅमच्या दोन वर्षांच्या भाड्याहून ती रक्कम मोठी होती. खताचा साठा पीओएस मशीनवर वेगळा चढतो, तोही फळीशी जुळेना, त्यात दोन दिवस गेले. १ एप्रिलला नवं वर्ष स्वच्छ आकड्यांनी सुरू झालं.

२२ सप्टेंबर २०२५, घटस्थापना. त्या दिवसापासून जीएसटीचे दर बदलले. सूक्ष्म अन्नद्रव्यं आणि काही जैविक कीटकनाशकं १२ टक्क्यांवरून ५ वर आली, रासायनिक औषधं १८ वरच राहिली. बाजारात सकाळी बिलं अडली. तात्यांनी मोजणीच्या वेळीच सूक्ष्म अन्नद्रव्यांचा आणि जैविकांचा गट वेगळा करून ठेवला होता. सूनबाईने सीएला फोन लावून नावं पडताळली, तात्यांनी दर बदलला आणि पहिलं बिल काढलं.

शेजारचे दुकानदार आले. "कोणता प्रोग्रॅम घेतलात, वहिनी?"

तिने नाव सांगितलं. मग विचारलं, "तुमच्या काऊंटरला कोण असतं?"

"पोरगा आहे एक."

"त्याला दुपारी पाठवा. तात्या बसवतील मशीनवर. येताना तुमच्या दुकानातली एक पेटी घेऊन ये म्हणावं, दोन बॅचची."